पुस्तकांची खतावणी

व्यापारी कुटुंबात प्रत्येक खर्चाला एक प्रश्न ठरलेला असतो : यातून परत काय येणार? हा प्रश्न लोभातून आलेला नसतो. ज्या घराने दुष्काळ, मंदी आणि बुडीत उधारी पाहिली, त्या घराची ती सवय असते. मुलाने सनदी लेखापाल व्हायचे ठरवले किंवा मुलीने औषधनिर्माणशास्त्राला प्रवेश घेतला, तर या प्रश्नाचे उत्तर सर्वांना आधीच ठाऊक असते. मात्र पदवी घेतलेल्या मुलीने ‘ग्रंथालयशास्त्र शिकून शाळेत ग्रंथपाल व्हायचे आहे’ असे सांगितले, म्हणजे बैठकीत काही क्षण कोणी बोलत नाही.

हिंगोली जिल्ह्यातील अशा एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वसमतच्या मोंढ्यात आडतीचे दुकान आहे. हळदीची आवक सुरू झाली, की घरातील पुरुषांना वेळेवर जेवण मिळत नाही. मुलगी वाणिज्य शाखेची पदवीधर असून दुकानाच्या नोंदी संगणकावर तीच करते. आजोबा तिला विचारतात, “अगं, कपाटातून पुस्तक काढून द्यायचे आणि परत आले की जागेवर ठेवायचे, एवढ्यासाठी आणखी दोन वर्षे शिकायची?” आजोबांच्या प्रश्नात उपहास नाही. ज्याने उभ्या आयुष्यात पैसा मोजून खर्च केला, त्याने विचारलेला तो सरळ प्रश्न आहे आणि त्याला उत्तरही तितकेच सरळ मिळाले पाहिजे.

ग्रंथालय व माहितीशास्त्राची पदवी, म्हणजे बी. लिब., हा कोणत्याही शाखेच्या पदवीनंतरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम होय. त्यानंतर एम. लिब. करावयाचे असल्यास आणखी एक वर्ष लागते. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून किंवा इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून घरचे व्यवहार सांभाळूनही हे शिक्षण घेता येते. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा, ग्रंथालय व्यवस्थापन आणि संगणकाचा उपयोग हे त्यातील मुख्य विषय.

ही नावे अपरिचित वाटली, तरी त्यांचा गाभा व्यापाऱ्याला सहज समजण्यासारखा आहे. दुकानात जशी कीर्द, तशी ग्रंथालयात दाखल नोंदवही. पुस्तक आले, की त्याला अनुक्रमांक मिळतो. तारीख, लेखक, प्रकाशक, किंमत आणि ते कोणाकडून आले, हे सर्व त्या ओळीत लिहिले जाते. ही नोंद अत्यावश्यक असते. पण नुसत्या कीर्दीवर कोणाचे दुकान चालत नाही. अमुक शेतकऱ्याचे किती देणे आहे, तमुक गिऱ्हाइकाकडे किती येणे आहे, हे कळण्यासाठी प्रत्येक रक्कम तिच्या खात्यावर उतरवावी लागते. म्हणजेच खतावणी लागते. अनेक शाळांतील पुस्तकांचा हिशेब कीर्दीपाशीच थांबलेला असतो. कपाटात पाचशे पुस्तके आहेत, एवढे नोंदवही सांगते. परंतु पाऊस कसा पडतो, हे विचारणाऱ्या सहावीतील मुलाला त्यांतील कोणते पुस्तक द्यावे, हे ती सांगू शकत नाही. बी. लिब.च्या वर्षात मुख्यत्वे जे शिकवले जाते, ती पुस्तकांची खतावणी होय.

या खतावणीची जगात सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत अमेरिकेतील मेल्विल ड्यूई यांनी १८७६ साली प्रसिद्ध केली. तिच्यात सर्व ज्ञानाचे दहा मोठे विभाग करून प्रत्येक विषयाला दशांश पद्धतीने अंक दिलेले आहेत. हळदीचेच उदाहरण घेता येईल. शेतातील पीक म्हणून हळदीचे पुस्तक ६३३ या अंकाखाली जाईल, औषधी द्रव्य म्हणून ६१५ खाली, स्वयंपाकातील घटक म्हणून ६४१ खाली आणि तिच्या देशांतर्गत व्यापाराविषयी लिहिले असेल तर ३८१ खाली. वस्तू एकच, खाती चार. विद्यार्थिनीच्या हाती पुस्तक देऊन ‘हे कोणत्या खात्यावर टाकशील?’ असे शेकडो वेळा विचारले जाते, तेव्हा हळूहळू तिला पुस्तकाचे मुखपृष्ठ न पाहता त्याचा विषय पाहण्याची सवय लागते.

शाळेत ही सवय कशी उपयोगी पडते, हे याच जिल्ह्यातील एका उदाहरणावरून पाहता येईल. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून ओळखले जाणारे नरसी हिंगोली तालुक्यात आहे. तेथील एखाद्या विद्यार्थ्याने नामदेवांविषयी माहिती मागितली, तर सामान्य माणूस संतचरित्रांच्या कप्प्यापाशी जाऊन थांबेल. प्रशिक्षित ग्रंथपालाला ठाऊक असते, की नामदेवांचे अभंग मराठी साहित्याच्या ८९१.४६ या खात्यावर सापडतील, वारकरी भक्तिपरंपरेविषयीचे लेखन २९४.५ येथे मिळेल आणि त्यांची पदे गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट असल्यामुळे शीख धर्माच्या २९४.६ या कप्प्याकडेही वळावे लागेल. त्या दोहोंच्या आधी, २९४.४ या अंकावर, जैन धर्मावरील पुस्तके उभी असतात. आपल्या गावच्या संताला पंजाबातही मान आहे, हे मुलाला एका फेरीत कळते. पाठ्यपुस्तकातील चार ओळींनी हे काम झाले नसते.

भारतात हा विषय शंभर वर्षांहून जुना आहे आणि त्याच्या आरंभाशी एका मराठी माणसाचे नाव जोडलेले आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणा येथे शेतकरी घरात जन्मलेले महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथालयतज्ज्ञांना बडोद्यास बोलावले आणि १९११ मध्ये तेथे ग्रंथपालांसाठी प्रशिक्षणवर्ग सुरू झाला. गावोगावी ग्रंथालये काढणाऱ्या या राजाला एक गोष्ट उमगली होती : इमारत आणि पुस्तके पैशाने मिळतात, ती चालवणारा माणूस मात्र घडवावा लागतो. पुढे १९२४ साली मद्रास विद्यापीठाने गणिताचे प्राध्यापक शि. रा. रंगनाथन यांची ग्रंथपाल म्हणून नेमणूक केली. त्यांनी लंडनला जाऊन या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांपैकी पहिल्या सूत्राचा आशय असा, की ग्रंथ हे वापरण्यासाठी असतात.

वाचताना हे सूत्र इतके साधे वाटते, की ते मांडण्यासाठी विद्वान कशाला हवा, असे कोणालाही वाटावे. परंतु युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत असत आणि महाराष्ट्रातील कित्येक शाळांत आजही कपाटाला कुलूप असते. त्या कुलपाचे कारण समजून घेतले पाहिजे. ग्रंथालयाचा अतिरिक्त कारभार बहुधा एखाद्या शिक्षकाकडे दिलेला असतो. पुस्तक हरवले, तर त्याची किंमत आपल्या पगारातून भरावी लागेल, अशी त्या शिक्षकाला धास्ती असते. दिलेले पुस्तक फाटू शकते, हरवू शकते; न दिलेले पुस्तक मात्र तपासणीच्या दिवशी मोजून दाखवता येते. म्हणून कपाट बंद राहते. यात त्या शिक्षकाचा आळस क्वचितच असतो. नियम ठाऊक नसल्यामुळे त्याने निवडलेली ती सुरक्षित वाट असते.

या ठिकाणी शिक्षणाचा खरा उपयोग दिसतो. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट तरतूद आहे. वर्षभरात वाचकांना दिलेल्या किंवा त्यांनी पाहिलेल्या दर एक हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची तूट, त्यात अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसल्यास, वाजवी मानावी, असे हा नियम सांगतो. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाची संपूर्ण मोजणी दरवर्षी करावी, असेही त्यात म्हटले आहे. हे नियम केंद्र सरकारच्या कार्यालयांसाठी आहेत, हे खरे. पण त्यांतील तत्त्व कोणत्याही हिशेबाला लागू पडणारे आहे. ओली हळद शिजवून वाळवली, की वजन घटते, हे आडत्याला ठाऊक असते. घट येईल म्हणून कोणी हळद वाळवण्याचे थांबवत नाही. घट किती यावी याचा अंदाज ठेवतो आणि त्याहून अधिक आली, तर चौकशी करतो. हरवलेल्या आणि जीर्ण पुस्तकांचे निर्लेखन कसे करावे, मोजणी कशी घ्यावी, मुख्याध्यापकांची मान्यता कशी मिळवावी, हे ग्रंथालय व्यवस्थापनाच्या विषयात शिकवले जाते. ज्याला तूट हिशेबात बसवता येते, तोच माणूस निर्भयपणे कुलूप काढतो. पदवीने पुस्तकांचे प्रेम मिळत नाही. ते असेल तर आधीपासूनच असते. पदवीने त्या प्रेमामागे नियमाचे बळ उभे राहते.

एम. लिब.च्या वर्षात संशोधनपद्धती, माहितीचा शोध आणि वाचकांच्या गरजांचा अभ्यास यांवर भर असतो. शाळेच्या ग्रंथपालाला संशोधन कशाला हवे, असा प्रश्न येथे साहजिक आहे. त्याचे उत्तर हळदीच्याच एका प्रसिद्ध खटल्यात सापडते. १९९५ साली अमेरिकेत, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या पद्धतीवर मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना पेटंट देण्यात आले. वसमत-हिंगोलीकडील कोणत्याही घरातील आजी यावर हसली असती. पण पेटंट कार्यालयासमोर आजीचे हसू पुरावा म्हणून चालत नाही. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत परिषदेने त्या पेटंटला आव्हान दिले. त्यासाठी ३२ लिखित संदर्भ गोळा केले गेले. त्यांत संस्कृत, उर्दू, हिंदी भाषांतील जुने ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात छापलेला एक लेखही होता. १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले.

या विजयामागे वैज्ञानिक होते, कायदेपंडित होते. तसेच चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा अंक जपून ठेवणारे आणि तो कोठे आहे हे सांगू शकणारे लोकही होते. घरोघरी ठाऊक असलेली गोष्ट तारखेसह, पानासह दाखवता आली, म्हणून ती टिकली. पुढे याच अनुभवातून पारंपरिक ज्ञानाचे अंकीय ग्रंथालय उभे राहिले आणि त्यासाठी वनौषधींच्या ज्ञानाचे स्वतंत्र वर्गीकरण तयार करावे लागले. ज्या मुलीने हा विषय अभ्यासला, ती आठवीच्या वर्गाला ‘ऐकलेले’ आणि ‘दाखवता येणारे’ यांतील भेद शिकवू शकते. भ्रमणध्वनीवर दिवसभर खऱ्याखोट्या बातम्या वाचणाऱ्या पिढीला या भेदाची गरज मोठी आहे.

जैन वाचकांना याच जातीचे दुसरे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. हिंगोलीला लागून असलेल्या वाशीम जिल्ह्यातील कारंजा येथे दिगंबर जैन ग्रंथभांडारांत शेकडो वर्षे हस्तलिखिते सांभाळलेली होती. ज्यांनी ती वेष्टनांत बांधून वाळवी आणि दमटपणापासून वाचवली, त्यांचे ऋण फार मोठे आहे. तरीही त्या पोथ्यांत नेमके काय आहे, हे बाहेरच्या अभ्यासकांना ठाऊक नव्हते. १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांनी तयार केलेली मध्यप्रांत आणि वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध झाली आणि तीत कारंजाच्या ग्रंथांची नोंद आली. त्यानंतर काही वर्षांतच कारंजाच्या ग्रंथमालेतून अपभ्रंश भाषेतील काव्ये छापून निघू लागली. महाकवी पुष्पदंत यांचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांच्या संपादनाने १९३१ मध्ये, तर ‘णायकुमारचरिउ’ डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाने १९३३ मध्ये प्रकाशित झाले. ग्रंथ सांभाळणे हे पहिले पुण्य. त्याची यादी करून तो वाचकापर्यंत पोहोचवणे, हे दुसरे. दुसऱ्याशिवाय पहिले अपुरे राहते.

आता जमेच्या बाजूबरोबर नावेची बाजूही मांडली पाहिजे. हा अभ्यासक्रम प्रामुख्याने सर्व प्रकारच्या ग्रंथालयांचा विचार करून आखलेला असतो. शाळकरी मूल त्यात थोडेच भेटते. हिंगोली जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि त्यांची मुले काही महिने शाळेपासून तुटतात. तांड्यावरून येणाऱ्या मुलाच्या घरची बोली वेगळी असते आणि छापील मराठी त्याला परकी वाटते. अशा मुलाला पहिले पुस्तक कोणते द्यावे, त्याला आधी वाचून दाखवावे की चित्रे पाहू द्यावीत, परत येताना पुस्तकाचा कोपरा दुमडलेला असेल तर रागवावे की आनंद मानावा, हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. ते तिला वर्गात बसून, मुलांशी बोलून शिकावे लागेल. साधने मात्र आहेत. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंकही संकेतस्थळावर वाचावयास मिळतात. एक ‘किशोर’ आणि एक धिटाईने वाचून दाखवणारी बाई, एवढ्यावरही तासाची सुरुवात होऊ शकते.

नोकरीचा हिशेब तर अधिक काटेकोर करावा लागतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असले पाहिजे आणि त्यात वृत्तपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांची पुस्तके असली पाहिजेत. समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांना पुस्तकांसाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. पण कायद्याने ग्रंथालय मागितले, म्हणजे ग्रंथपालाचे पद निर्माण झाले, असे होत नाही. महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळांत हे पद विद्यार्थ्यांच्या पटसंख्येवर ठरते. लहान गावातील लहान शाळेला ते सहसा मिळत नाही आणि अनेकांनी अर्धवेळ ग्रंथपाल म्हणून वर्षे काढली आहेत. ही वस्तुस्थिती मुलीपासून आणि तिच्या वडिलांपासून लपवणे योग्य नाही.

म्हणून पैसे भरण्यापूर्वी काही गोष्टी पाहाव्यात. प्रथम, ग्रंथालय संचालनालयाचा काही महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. थोड्या खर्चात या कामाची आवड खरी आहे की नाही, हे त्यातून कळते. शाळेतील पदासाठी सामान्यतः बी. लिब. पुरेशी ठरते. वसमत येथे असलेल्या जवाहर नवोदय विद्यालयासारख्या केंद्रीय निवासी शाळांत आणि केंद्रीय विद्यालयांत ग्रंथपालाचे पद असते. त्यांची भरती देशपातळीवर होते आणि बदलीची तयारी ठेवावी लागते. महाविद्यालयात जावयाचे असेल, तर एम. लिब. आणि नेट किंवा सेट परीक्षा आवश्यक. खासगी शाळांचे वेतन एकसारखे नसते. नेमणूकपत्र हाती घेण्यापूर्वी पद मंजूर आहे का, पूर्णवेळ आहे का, हे लेखी विचारण्यात संकोच करू नये. व्यवहारात जो काटा वापरला जातो, तोच येथेही वापरावा. एवढे करूनही मुलीची इच्छा कायम राहिली, तर तिला अडवण्याचे कारण उरत नाही.

समाजातील दानशूर घरांना या विषयात आणखी एक वाटा आहे. वडिलधाऱ्यांच्या स्मरणार्थ शाळेला पुस्तकांचे कपाट देण्याची चांगली प्रथा अनेक गावांत आहे. कपाटावर नाव कोरले जाते, छायाचित्र निघते आणि पुष्कळदा कपाट तेथेच मिटते. पुढील वेळी कपाट देण्यापूर्वी मुख्याध्यापकांना तीन गोष्टी विचाराव्यात : आधीच्या पुस्तकांची विषयवार यादी आहे का? आठवड्यातून किती तास ग्रंथालय उघडे असते? आणि गेल्या वर्षभरात किती पुस्तके मुलांच्या घरी गेली? उत्तरे समाधानकारक नसतील, तर नवे कपाट घेण्याऐवजी तेवढ्याच रकमेत एखाद्या प्रशिक्षित पदवीधर मुलीचे काही महिन्यांचे मानधन देता येईल. ती जुनी पुस्तके तपासील, जीर्ण वेगळी काढील, खतावणी बांधील आणि वर्गावर्गांत पुस्तके फिरवू लागेल. अशा दानाची पाटी कोठे लागणार नाही. ते शाळेच्या देवघेव नोंदवहीत, मुलांच्या नावांसमोर आणि पुस्तक परत आल्याच्या तारखांसमोर, ओळीओळीने दिसत राहील.